सुई का मोडते?



बँकेच्या, गल्लीच्या, गणपतीच्या बऱ्याच गोष्टी इथं सांगून झाल्या. आज सुईची सांगतो. निमित्त आमच्या सूनबाईचं. दिवाळीत तिनं भरतकामाचं छोटं कॉम्प्युटर मशीन घेतलं. पहिल्या आठवड्यात पाच सुया मोडल्या. दुकानात फोन केला तर म्हणाले, "मॅडम, चांगल्या कंपनीच्या सुया घ्या." घेतल्या. त्याही मोडायला लागल्या. शेवटी ती हसत हसत मला म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांचे हिशेब तपासलात, एवढं माझ्या सुयांचं ऑडिट करा की."

मी बी.कॉम. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण सुई का मोडते, हे कसं शोधायचं ते ठाऊक आहे, कारण ते आईनं शिकवलंय. ते शिकायच्या आधी एका बाईंचं मी जे नुकसान केलं ते आजवर कुठं लिहिलं नव्हतं. तेही आज लिहून टाकतो.

आमचं घर शहापुरातलं. नव्या पिढीला खरं वाटणार नाही, पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. चालत चालत माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. सकाळी जाग यायची ती मागाच्या खटखटीनं. लुगडी विणणारी घरं जास्त, शिवणारी कमी. आमच्याकडं शिलाई मशीन आलं ते १९५६ साली. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्या थोडं आधी. अण्णा शाळामास्तर. मशीन एकरकमी घेण्याची ऐपत नव्हती. खडेबाजारातल्या एका दुकानातून हप्त्यानं घेतलं. काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी पायडल.

हप्ता हा माझा विषय, म्हणून इथं थोडं थांबतो. हप्त्यानं वस्तू विकायची पद्धत जगभर घरोघरी नेली ती शिलाई मशीननंच. अमेरिकेतल्या सिंगर कंपनीनं १८५० च्या दशकात ती सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत पटेल आडनावाच्या एका पारशी गृहस्थांनी सिंगरचा धंदा हिंदुस्थानात पसरवला. पुढं १९३० च्या दशकात कलकत्त्याला जय इंजिनीअरिंगची 'उषा' बनू लागली आणि स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गीय घरात मशीन म्हटलं की सिंगर नाहीतर उषा. त्या काळात घरातल्या बाईच्या हाती आलेलं हे बहुधा पहिलंच यंत्र, आणि तेही उधारीवर.

या यंत्राचा आणि आमच्या गावाचा एक धागा मला फार आवडतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. त्यासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आजही आहे. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात, 'यंग इंडिया'त गांधीजींची एक मुलाखत आली होती. यंत्रांना तुमचा सरसकट विरोध आहे का, असा तिचा रोख. गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते शिलाई मशीनचं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र केलं, असंही त्यांनी सांगितलं.

गांधीजींचं मन मोठं. खरा सिंगर एवढा पत्नीभक्त नव्हता; त्याचे एकाहून जास्त संसार होते आणि यंत्रात पडला तो पैशासाठी. शिवाय त्याच्या १८५१ च्या पेटंटाआधी, १८४६ मध्ये, इलायस हाउ याचं पेटंट झालेलं होतं. टोकाला नेढं असलेली सुई आणि शटल, ही जोडी त्यात होती. कोर्टकचेरी होऊन सिंगरला हाउला पैसे मोजावे लागले. हातानं शिवायच्या सुईचं नेढं मागच्या बाजूला असतं. मशीनच्या सुईचं टोकाजवळ. सुई दोरा घेऊन खाली जाते, किंचित वर येताना दोऱ्याचा फास सोडते, त्या फासातून शटलचं टोक जातं आणि खालचा दोरा वरच्यात अडकतो. झाला टाका. सुई आणि शटल यांच्यात केसाएवढी फट. सगळा खेळ त्या फटीचा, आणि सुई मोडायचं मूळही पुष्कळदा तिथंच.

साध्या शिवणात कापड पुढं सरकवायला सुईखाली दाते असतात आणि वरून पाय दाबून धरतो. सुईला फक्त वरखाली जायचं असतं. मशीनवर भरतकाम करायचं तर पाय काढून टाकायचा आणि दाते खाली घ्यायचे. ज्या मशीनला ती सोय नाही तिथं दात्यांवर पत्र्याची पट्टी बसवायची. मग लाकडी रिंगेत कापड ताणून, उलटी धरून, म्हणजे कापड खाली मशीनला टेकेल अशी, दोन्ही हातांनी ती सुईखाली फिरवायची. पायानं पायडल, हातानं रिंग. सुई एका जागी उभी आणि कागद फिरतोय, असं उलटं चित्र काढणं ते. आई त्यावर मोर, कमळं, वेली काढायची. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, बाळांची झबली-टोपडी, मुलींच्या रुखवतातलं सामान. अण्णांच्या पगारात जे बसायचं नाही ते या रिंगेतून निघायचं. माझी कॉलेजची फीसुद्धा.

आईजवळ एक रिकामी काडेपेटी असायची. सुई मोडली की दोन्ही तुकडे त्या पेटीत. वरचा तुकडा स्क्रूमध्ये अडकून राहतो, तो मिळतोच. टोकाचा तुकडा उडतो. तो सापडेपर्यंत काम बंद. आम्ही भावंडं कंदील घेऊन जमिनीवर पालथे. सापडला नाही तर शिवत असलेलं झबलं ती रिंगेतून काढायची आणि बोटांनी इंच इंच दाबून बघायची. "लेकराच्या अंगात जाणार आहे ते," एवढंच बोलायची. माझी पुतणी बंगळूरला कपड्यांच्या कारखान्यात होती. तिनं सांगितलं की तिथं मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, रजिस्टरला नोंद होते, आणि तुकडा गहाळ असला तर तयार माल यंत्राखालून तपासून जातो. आमच्याकडं हा नियम कंदिलाच्या काळापासून होता.

तुकडे ठेवायचं दुसरं कारण मला पुढं कळलं. आई त्यावरून रोग ओळखायची. तिचे प्रश्न ठरलेले आणि क्रमही ठरलेला, आधी फुकटातलं बघायचं, मग पैशाचं.

पहिला प्रश्न, सुई पूर्ण वर चढली होती का? सुईची मूठ खाचेत शेवटपर्यंत वर जाऊन टेकली पाहिजे आणि स्क्रू घट्ट पाहिजे. अर्धा दोरा खाली राहिली तरी ती शटलला आपटते. मुठीची एक बाजू चपटी असते, ती कुठल्या दिशेला हे मशीनप्रमाणे बदलतं. आईची खूण अशी, सुईच्या अंगावर जी लांब खाच असते ती, जिकडून दोरा ओवायचा तिकडं.

दुसरा, सुई सरळ होती का? काचेवर चपटी बाजू ठेवून बघायचं. काच आणि सुई यांच्यातली फट एकसारखी दिसली पाहिजे. टोकाकडं कमीजास्त दिसली तर ती वाकलेली. वाकलेली सुई आज ना उद्या मोडणारच.

तिसरा, नंबर बरोबर आहे का? अकरा, चौदा, सोळा हे जुने नंबर. नव्या हिशेबात तेच पंचाहत्तर, नव्वद, शंभर, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे शंभरावे भाग जाडी. तलम कापडाला आणि बारीक रेशमी दोऱ्याला अकरा; जाड कापडाला चौदा-सोळा. जाड कापडात बारीक सुई घातली की ती वाट चुकते, सरळ खाली न जाता बाजूला झुकते.

चौथा प्रश्न नवशिक्यांसाठी. पाय काढला तरी पायाचा दांडा खाली केला होता का? खाली करायला काही उरलेलंच नसतं, म्हणून तो विसरतो. पण तो खाली केल्याशिवाय वरच्या दोऱ्याला ताण येत नाही. मग कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो आणि सुई त्यात अडकून मोडते. याच्या उलट, ताण फार घट्ट असला तर दोराच सुईला ओढून वाकवतो.

पाचवा, बॉबिन केस 'टक्' आवाज येईपर्यंत बसली होती का? ती अर्धवट बसली की सुई थेट तिच्यावर आदळते. तो आवाज आला की पोटात धस्स व्हायचं.

सहावा हाताचा. सुई कापडात असताना रिंग ओढली का? रिंग हलवायची ती सुई वर असताना. आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं नाही. टाक्यावर टाके चढले की तिथं कापडाचा दगड होतो. "एका जागी तीनदा गेलीस तर सुईनं करायचं काय?" असं ती शिकायला येणाऱ्या मुलींना म्हणायची.

इतकं सगळं ठीक असून मोडतेच आहे, तर शेवटी चाक हातानं सावकाश फिरवायचं आणि सुई भोकातून खाली कशी जाते ते डोळे लावून बघायचं. भोकाच्या बरोबर मधून गेली पाहिजे. कडेला घासत असेल तर दोष सुईचाही नाही आणि हाताचाही नाही, मशीनचा.

आता माझी गोष्ट.

१९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ ला डीआरआय योजना आली. अगदी गरिबांना चार टक्के व्याजानं कर्ज. मी नोकरीला नुकताच लागलो होतो. पुढं फील्ड ऑफिसर झालो. या योजनेत आमच्या शाखेनं शिलाई मशिनींना पुष्कळ कर्जं दिली. पद्धत अशी, पैसे कर्जदाराच्या हाती द्यायचे नाहीत, दुकानदाराच्या नावानं पे ऑर्डर काढायची, मशीन घरी पोचलं की ऑफिसरनं जाऊन बघायचं आणि 'यंत्र पाहिले, नवीन आहे, चालू आहे' अशा दाखल्यावर सही करायची.

१९७९ साली वडगावातल्या एका बाईंना असं मशीन मिळालं. नवऱ्याचा हातमाग बंद पडलेला, पॉवरलूमपुढं टिकला नाही. बाई भरतकाम शिकलेल्या. एका दुकानासाठी अभ्रे भरून द्यायच्या. दोन हप्ते वेळेवर आले, मग थांबले. मी गेलो. मशीनवर कापड झाकलेलं. म्हणाल्या, "सायेब, सुया टिकंनात. एका अभ्र्याला दोन-दोन मोडत्यात. मजुरी सुयांतच जातीया." मी विचारलं, साधं शिवण होतं का? "ते होतंय की. रिंग लावली की मोडतीया."

मी आईच्या मशीनशेजारी वाढलेला माणूस. एकही प्रश्न विचारला नाही. मनात म्हटलं, हप्ता न भरायला ही नवीन सबब. पाहणी अहवालात शेरा लिहिला. इंग्रजीत होता, मराठीत सांगतो, "कर्जदारास यंत्र वापरण्याचे कौशल्य नाही. यंत्र विनावापर पडून आहे. वसुलीची कारवाई करावी."

रात्री जेवताना आईला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "तुकडे बघितलेस?"

"कसले?"

"सुयांचे."

रविवारी ती स्वतः माझ्याबरोबर वडगावला आली. चष्मा, स्क्रू ड्रायव्हर आणि एक नवी सुई घेऊन. आधी मशीनकडं बघितलंच नाही. बाईंनी भरलेला एक अर्धा अभ्रा तिथं पडला होता, तो उचलून उजेडात धरला. मोराची मान होती. टाके एकसारखे, वळणावर कुठं ताण नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "हिला येत नाही म्हणून लिहिलंस?" बाई तिथंच उभ्या होत्या.

मग चाक हातानं फिरवलं. सुई खाली आली ती भोकाच्या मधून नाही, उजव्या कडेला चाटून. चकचकीत पट्टी काढली. भोकाच्या उजव्या कडेला बारीक बारीक ओरखडे, डाव्या बाजूला एकही नाही. पट्टी त्या मशीनची नव्हतीच. दुसऱ्या कुठल्या तरी मशीनची, स्क्रूची भोकं जुळली म्हणून बसवलेली. वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जोडून उभं केलेलं ते मशीन, बिल मात्र कंपनीच्या नव्या मशीनचं. साध्या शिवणात सुई सरळ जाते म्हणून निभावून जायचं. रिंगेनं कापड किंचित जरी उजवीकडं ओढलं की सुई कडेवर आदळायची.

आणि त्या मशीनच्या दाखल्यावर सही माझी. मी चिंधीवर एक सरळ शिवण मारून बघितली होती. चालू आहे, लिहून मोकळा.

सोमवारी खडेबाजारातल्या एका मेकॅनिकनं योग्य पट्टी बसवून दिली. खर्च किरकोळ होता, मी खिशातून दिला. सुया मोडायच्या थांबल्या. पुढच्या महिन्यापासून हप्ते सुरू झाले आणि कर्ज पुरं फिटलं. इथंच थांबलो तर गोष्ट छान आहे. पण शेरा तसाच राहिला.

दुसरा अहवाल लिहून पहिला चुकला म्हणायला हवं होतं. तसं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग दाखल्यावर सही कशी केली? दुकानदारावर चौकशी, आणि तिच्याबरोबर माझ्यावरही. प्रमोशनची परीक्षा जवळ आली होती. मी गप्प बसलो. मनाशी म्हटलं, हप्ते येतायत, कागद कोण बघतोय?

१९८० ला माझी धारवाडला बदली झाली. १९८३ मध्ये एका लग्नाला बेळगावला आलो असताना शहापूरच्या बाजारात त्या बाई भेटल्या. आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, थोरल्या लेकीसाठी दुसरं मशीन घ्यायचं होतं म्हणून बँकेत अर्ज केला, मिळालं नाही. "तुमच्याच कागदात लिवलंय म्हणं, मला मशीन येत न्हाई म्हणून." आवाजात राग नव्हता. त्यांना वाटत होतं काहीतरी चूक झाली असेल, सायबांना सांगितलं की दुरुस्त होईल.

मी "बघतो" म्हणालो. धारवाडहून शाखेला एक पत्र टाकायचं होतं. नाही टाकलं. त्या वेळी कारण काय दिलं असेल मनाला, आठवत नाही. खरं कारण १९७९ चंच होतं.

आईला हे कधीच सांगितलं नाही. तिनं एकदा विचारलं होतं, "त्या वडगावच्या बाईंचं काय झालं रे?" मी म्हटलं, "कर्ज फिटलं." ते खोटं नव्हतं.

आता सूनबाईचं मशीन. परवा मी तिला म्हटलं, तुकडे आण. टाकून दिले होते. मग कापड आण म्हटलं. जीन्सच्या पिशवीवर गुलाब भरत होती. क्रमानं विचारत गेलो. सुई वर चढलेली, नंबर चौदा, बॉबिन ठीक, पट्टीवर ओरखडा नाही. भिंग घेऊन कापड बघितलं तर सगळ्या सुया गुलाबाच्या एकाच पाकळीच्या बुडाशी मोडलेल्या. तिथं हात लावला तर दगड. विचारल्यावर कळलं, नक्षी मोठी होती, तिनं कॉम्प्युटरवर ती लहान केली. आकार लहान झाला, टाके तेवढेच राहिले. आईच्या भाषेत, एका जागी तीनदा. मुलानं टाके कमी करून नक्षी पुन्हा बनवून दिली. गुलाब पुरा झाला, सुई शाबूत आहे.

ती खूश झाली. म्हणाली, "बाबा, दुकानवाल्याला कसं कळलं नाही हो?" मी म्हटलं, त्यानं विचारलंच नाही. सुई ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणून दोष आधी तिच्यावर ढकलायचा आणि बदलून टाकायची.

वडगावच्या त्या बाई आज असतील तर नव्वदीच्या घरात असतील. त्यांची लेक कदाचित हे वाचेल, कदाचित नाही. त्यांना मशीन येत होतं. फार चांगलं येत होतं. लिहून देतो, खाली माझं नाव आहेच.

तुमच्या घरात आई, काकी, आक्का यांचं मशीन असेल तर त्याबद्दल इथं जरूर लिहा. आणि सुई मोडली तर दोन्ही तुकडे शोधल्याशिवाय उठू नका.